एक्स-रे नॉर्मल, तरी गुडघा दुखतो: पुढची तपासणी कशी ठरवायची

रोज एखादी तरी पिशवी माझ्या टेबलावर येते. कापड दुकानाची, बंद तुटलेली. आत तीन-चार फिल्म, दोन रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या आणि मलमाची रिकामी ट्यूब. "मॅडम, फोटो सगळे नॉर्मल आहेत म्हणतात, पण गुडघा काही थांबत नाही." मी रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी, एमआरआय बघून त्यांचा अर्थ लावणारी डॉक्टर. अशी पिशवी घेऊन पहिल्यांदाच फिरणाऱ्या माणसासाठी हे लिहिते आहे, मग तो स्वतः पेशंट असो, पेशंटचा मुलगा किंवा सून असो, नाहीतर नुकताच दवाखाना थाटलेला डॉक्टर असो.

त्यातली एक पिशवी मला विसरता येत नाही. चौदा वर्षांचा, अंगाने जाडसर मुलगा. तीन महिने उजवा गुडघा दुखत होता, चालताना पाय बाहेर वळत होता. गुडघ्याचे दोन एक्स-रे झाले होते, उसनवारी करून एमआरआयही झाला होता. मी ते सगळं पाहिलं, गुडघ्यात खरोखरच काही नव्हतं. मग त्याला टेबलावर झोपवलं, गुडघा दुमडून मांडी आतल्या बाजूला फिरवायला गेले, तर तो कळवळला. खुब्याचा एक साधा एक्स-रे काढला. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा वाढीच्या चकतीवरून घसरलेला होता. गुडघ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर गुडघ्याने बरोबर दिलं होतं, प्रश्न खुब्याला विचारायचा राहिला होता.

प्रत्येक यंत्राला काही गोष्टी दिसतात आणि काही अजिबात दिसत नाहीत. म्हणून आधी शंका ठरवायची आणि मग त्या शंकेला साजेसा फोटो काढायचा. उलट क्रमाने गेलं की पैसे जातात, वेळ जातो आणि आजार पुढे सरकतो.

गुडघेदुखी बहुतेक वेळा नेहमीच्याच कारणांची असते: झीज, अतिश्रम, वाटीभोवतीचं दुखणं, जुना मार. त्यात सहा आठवडे व्यायाम आणि औषधं करून बघणं योग्यच, एमआरआयची घाई नको. पुढच्या पायऱ्या आहेत त्या इतकं करूनही न थांबणाऱ्या, किंवा सुरुवातीपासूनच वेगळं वागणाऱ्या गुडघ्यासाठी.

पहिली पायरी: फोटोच्या आधी कागद

घरी बसून एका कागदावर लिहून काढा. वय किती. दुखणं कधी आणि काय करताना सुरू झालं. रात्री झोपेतून उठवतं का. सूज येते का, आली तर राहते की येते-जाते. गुडघा अडकतो का. ताप, वजन घटणं, भूक मंदावणं आहे का. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं कधी झाली आहेत का. दारूचं प्रमाण, आधीचे आजार, घरात कुणाला क्षयरोग झाला होता का. आणि दुखण्याची जागा.

जागा मी नेहमी एका बोटाने दाखवायला सांगते. मावशी पूर्ण तळहात गुडघ्यावर फिरवतात आणि म्हणतात, "इथं सगळीकडंच." मी म्हणते, "मावशी, सर्वांत जास्त जिथं दुखतं तिथं एकच बोट ठेवा." बोट गुडघ्याच्या आतल्या कडेवर पडतं, की वाटीच्या खाली, की मागच्या खळगीत, यावर पुढचा सगळा रस्ता ठरतो. बोट ठेवताच येत नसेल, दुखणं मांडीतून खाली उतरत असेल, तर मी खुब्याचा आणि कमरेचा विचार करू लागते.

हा कागद म्हणजे निम्मं निदान आहे. पन्नाशी ओलांडलेली बाई सांगते, "उकिडवं बसले होते, उठताना मागं कट्ट झालं आणि त्या दिवसापासून पाय टेकवत नाही." ही एक गोष्ट. विशीतला मुलगा सांगतो, "रात्री दोनला दुखायला लागतं, गोळी घेतली की अर्ध्या तासात गायब." ही अगदी दुसरी. तिसरा सांगतो, "मार नाही, काही नाही, पण वर्षभरात चार वेळा गुडघ्यात पाणी झालं, काढलं तर चहासारखं लालसर तपकिरी निघालं." तिघांचे एक्स-रे नॉर्मल असू शकतात. तिघांना लागणारी पुढची तपासणी मात्र वेगवेगळी.

दुसरी पायरी: कुठे थांबायचं नाही

गुडघा लालबुंद, गरम, सुजलेला, सोबत ताप आणि जरा हलवला तरी असह्य वेदना, असं असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. सांध्यात पू झालेला असू शकतो. तिथे सुईने पाणी काढून तपासणं ही पहिली तपासणी, एमआरआयची तारीख मिळण्याची वाट बघत बसायचं नाही. पू काही दिवसांत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, खाऊन टाकतो.

पोटरी एकाएकी सुजली, दम लागला, तर शिरेत रक्ताची गाठ आहे का हे बघायला त्याच दिवशी डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. पाय गार पडला किंवा पाऊल वर उचलता येईना, तरीही त्याच दिवशी.

मार लागल्यावर एक्स-रे कधी हवाच, यासाठी डॉक्टर ओटावाचे नियम वापरतात. वय ५५ किंवा जास्त, फक्त वाटीवर दाबल्यावर दुखणं, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या बारीक हाडाच्या टोकावर दुखणं, गुडघा काटकोनात वाकवता न येणं, किंवा लागल्या लागल्या आणि दवाखान्यातही चार पावलं टाकता न येणं. यातलं एकही असेल तर एक्स-रे काढायचा.

वाढत्या वयातल्या मुलामुलीचं रात्री जागं करणारं दुखणं आणि गुडघ्याच्या वर किंवा खाली हाताला लागणारी कडक सूज असेल, तर "खेळताना लागलं असेल" म्हणून महिना घालवू नका. त्याच आठवड्यात एक्स-रे काढा. हाडाचा ऑस्टिओसार्कोमा हा कॅन्सर याच वयात आणि बहुतेक वेळा गुडघ्याभोवतीच होतो, मांडीच्या हाडाच्या खालच्या किंवा नडगीच्या वरच्या टोकाला. खेळताना लागल्याची आठवण घरातल्या सगळ्यांना असते, कारण मुलं रोजच पडतात, आणि त्या आठवणीनेच उशीर होतो.

लहान मूल फिकट दिसतंय, ताप येतोय, आज हा पाय तर उद्या तो पाय दुखतोय, असं असेल तर फोटोबरोबर रक्ताची साधी सीबीसी तपासणीही करा. रक्ताचा कॅन्सर कधी कधी हाडांच्या दुखण्यातूनच पहिल्यांदा कळतो.

तिसरी पायरी: साधा एक्स-रे, पण नीट काढलेला

एक्स-रे जुना म्हणून त्याला कमी लेखू नका. हाडाची गाठ, चुन्याचे कण, तुटका तुकडा हे तो काही मिनिटांत आणि थोडक्या पैशांत दाखवतो. गुडघ्याच्या एक्स-रेतून मिळणारं रेडिएशन एका दिवसात निसर्गातून मिळतं त्याहून कमी असतं. गरोदर असाल तर मात्र आधी सांगाच.

तो कसा काढला, हे फार महत्त्वाचं. झोपवून काढलेल्या फोटोत दोन हाडांमधली जागा खोटी मोठी दिसते. म्हणून उभं राहून, दोन्ही गुडघ्यांचा समोरून एक आणि दुखऱ्या गुडघ्याचा बाजूने एक, इतकं किमान हवं. दुखणं वाटीभोवती असेल तर गुडघा वाकवून वाटीवरून काढलेला स्कायलाइन फोटो. किशोरवयीन खेळाडूचा गुडघा अडकत असेल तर गुडघा वाकवून मधल्या खाचेचा टनेल फोटो मागा. मांडीच्या हाडाच्या टोकाचा कूर्चेसकट एक तुकडा सैल होतो, त्याला ऑस्टिओकॉन्ड्रायटिस डिसेकान्स म्हणतात. तो बहुतेक वेळा आतल्या उंचवट्याच्या खाचेकडच्या बाजूला असतो आणि समोरच्या साध्या फोटोत सहज निसटतो.

एक्स-रेत आणखी काय शोधायचं? दोन हाडांमधल्या गादीमध्ये, म्हणजे मेनिस्कसमध्ये, खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ असेल तर कॅल्शियमचे स्फटिक साठले आहेत. म्हाताऱ्या माणसाचा गुडघा एका रात्रीत फुगून लाल झाला, तर त्याचं उत्तर या रेघेत सापडू शकतं. सांध्यात साबुदाण्यासारखे अनेक गोल दाणे असतील तर सांध्याच्या अस्तरातून कूर्चेच्या गोळ्या सुटत आहेत. २० ते ४० वयात हाडाच्या अगदी टोकाशी, सांध्याला टेकलेली, एका बाजूला सरकलेली काळी पोकळी दिसली तर जायंट सेल ट्यूमरचा विचार करायचा.

नडगीच्या वरच्या टोकाला बाहेरच्या कडेवर नखाएवढा पातळ तुकडा निघालेला दिसला तर तो क्षुल्लक समजू नका. १८७९ मध्ये पॅरिसचे सर्जन पॉल सेगाँ यांनी वर्णन केलेलं हे फ्रॅक्चर आहे आणि अशा गुडघ्यात बहुतेक वेळा आतलं एसीएल लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, तुटलेलं असतं. उलट, वाटीच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात गुळगुळीत कडांचा वेगळा तुकडा दिसला, तर ते बहुधा फ्रॅक्चर नसून जन्मापासूनची दोन भागांची वाटी असते. दुसऱ्या गुडघ्याचा फोटो काढला तर पुष्कळदा तिथेही तशीच दिसते. प्लास्टर घालण्याआधी एवढं बघायलाच हवं.

एक्स-रे कुठे फसवतो, हे भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी लक्षात ठेवावं. महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. जाहिरात आली की मैदानावर एकदम गर्दी होते, वर्षभर न धावलेली पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर धावू लागतात. तीन-चार आठवड्यांनी गुडघ्याच्या जरा खाली, आतल्या बाजूला दुखायला लागतं. हाडाला ताणाने पडलेली ही बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत दिसतच नाही. मुलगा "नॉर्मल" रिपोर्ट खिशात घालून पुन्हा धावतो आणि चिरेचं पूर्ण फ्रॅक्चर होऊ शकतं. अशा वेळी धावणं लगेच बंद करून दोन-तीन आठवड्यांनी एक्स-रे पुन्हा काढा, किंवा परीक्षा तोंडावर असेल तर सरळ एमआरआय करा. त्यात ती पहिल्या काही दिवसांतच दिसते.

चौथी पायरी: खुबा विसरू नका

गुडघा आणि खुबा यांना काही नसा सामाईक आहेत, त्यामुळे खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. मुलांमध्ये तर ते फक्त गुडघ्यातच जाणवू शकतं. म्हणून माझा साधा नियम: मूल लंगडत असेल आणि गुडघ्यात काही सापडत नसेल, तर दोन्ही खुब्यांचे एक्स-रे, समोरून आणि बेडकासारखे पाय फाकवून. दुसरा फोटो महत्त्वाचा, कारण थोडंसं घसरलेलं हाड समोरून दिसत नाही. चार ते आठ वर्षांच्या मुलात पेर्थेस नावाचा आजार शोधायचा, ज्यात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा काही काळ कमी पडतो. दहा ते सोळा या वयात गोळा घसरणं. हाड घसरलेलं आढळलं तर मुलाला त्या क्षणापासून पाय टेकू देऊ नका, उचलून किंवा चाकाच्या खुर्चीवरून न्या. एक-एक पाऊल ते हाड आणखी घसरवू शकतं.

मोठ्या माणसांत खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरतं, त्याला एव्हीएन म्हणतात. जास्त दिवस स्टेरॉइड आणि जास्त दारू ही त्याची ठळक कारणं. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर मुंबईच्या डॉक्टरांनी स्टेरॉइड घेतलेल्या तरुण रुग्णांमध्ये तो आढळल्याचं नोंदवलं होतं. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल असतो, एमआरआयमध्ये मात्र हा आजार स्पष्ट दिसतो. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्यात हाडाचा तुकडा मरणं खुब्यात होतं तसं गुडघ्याभोवतीही होतं, आणि हाडात जंतुसंसर्गही होतो. दोन्ही फोटोत एकमेकांसारखे दिसू शकतात. म्हणून सिकलसेल असेल तर ते तपासणीच्या चिठ्ठीवर पहिल्या ओळीत लिहायला सांगा.

कमरेच्या मणक्यातून निघणारी नस दबली तरी मांडीच्या पुढच्या भागातून गुडघ्यापर्यंत कळ जाते. मांडी बधिर वाटत असेल, पायऱ्या चढताना गुडघा एकदम सोडून देत असेल, तर डॉक्टरांना कमर तपासायला सांगा.

पाचवी पायरी: सोनोग्राफी कशासाठी

मऊ भागांसाठी आणि पाण्यासाठी. गुडघ्यामागच्या खळगीत पाण्याची पिशवी होते, तिला बेकर्स सिस्ट म्हणतात. ती फुटली की पोटरी सुजते आणि शिरेतल्या गाठीसारखीच दिसते. सोनोग्राफीत दोन्हीतला फरक तिथल्या तिथे कळतो. युरिक अॅसिडचे स्फटिक कूर्चेवर दुहेरी रेघ उमटवतात. सांध्यातलं पाणी नेमकं कुठे आहे ते बघून सुई घालता येते. एखादा तरुण खेळाडू सांगतो की धावताना गुडघ्यामागे आणि पोटरीत पेटके येतात, थांबलं की मिनिटात जातात, तर गुडघ्यामागची रोहिणी स्नायूत दाबली जात असेल. त्याची डॉपलर तपासणी पाऊल जोराने खाली दाबायला लावून करायची असते. नुसतं झोपवून केली तर ती नॉर्मल येईल.

हाडाच्या आतलं आणि सांध्याच्या खोलवरचं सोनोग्राफीला दिसत नाही. "सोनोग्राफीत गादी ठीक आहे" एवढ्यावर गादी ठीक आहे असं धरून चालू नका.

सहावी पायरी: एमआरआय, आणि त्याची चिठ्ठी

नेहमीपेक्षा वेगळ्या कारणांपैकी सर्वांत जास्त कारणं इथे सापडतात. पण चिठ्ठीवर फक्त "एमआरआय राइट नी" लिहिलेलं असलं, की आम्हीही नेहमीचीच चित्रं काढतो. चिठ्ठीवर वय, दुखण्याची नेमकी जागा, किती दिवस, आणि कशाची शंका हे हवं. कारण शंकेप्रमाणे चित्रं बदलतात.

उदाहरण देते. वर सांगितलेला तो चहासारख्या पाण्याचा गुडघा. सांध्याचं अस्तर गाठींसारखं वाढतं, त्यातून वारंवार रक्त झिरपतं आणि रक्तातलं लोह तिथे साठतं. पूर्वी याला पीव्हीएनएस म्हणत, हल्ली टेनोसायनोव्हिअल जायंट सेल ट्यूमर म्हणतात. कॅन्सर नाही, पण काढला नाही तर हाड कुरतडतो. लोहामुळे या गाठी एमआरआयमध्ये काळ्या दिसतात, आणि ग्रेडियंट एको या खास चित्रात तो काळेपणा पसरून आणखी मोठा होतो. नेहमीच्या तपासणीत ते चित्र नसेलही. "वारंवार सूज, रक्तमिश्रित पाणी" हे चार शब्द चिठ्ठीवर असले की आम्ही ते आवर्जून काढतो.

आता ती उकिडवं बसून उठताना कट्ट झालेली बाई. आपल्याकडे जमिनीवर मांडी घालणं, उकिडवं बसून धुणं-भांडी, देशी संडास हे आयुष्यभराचं. गुडघा पूर्ण दुमडला की आतल्या गादीच्या मागच्या मुळावर फार ताण येतो. मूळ उपटलं की गादी असून नसल्यासारखी होते, भार थेट हाडावर येतो. एमआरआयच्या एका चित्रात जिथे गादीचा काळा त्रिकोण दिसायला हवा तिथे तो दिसतच नाही, आणि समोरच्या चित्रात गादी ३ मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर सरकलेली असते. रिपोर्टमध्ये "रूट टेअर" हे शब्द आले तर ते साध्या "टेअर"पेक्षा वेगळे आहेत, हे ध्यानात ठेवा. अशा पेशंटच्या हाडात कूर्चेखाली बारीक फ्रॅक्चरही होतं आणि एक्स-रे तेव्हा स्वच्छ असतो. ते कळलं तर काठी किंवा वॉकर घेऊन भार कमी करता येतो. "झीज आहे, चाला भरपूर" असं सांगितलं गेलं तर ते हाड खचू शकतं, मग सांधा बदलण्याशिवाय फारसं काही उरत नाही. मला या आजाराबद्दल सर्वांत जास्त कळकळ वाटते. या बायका दुखणं सहन करत घरकाम करत राहतात आणि येतात तेव्हा उशीर झालेला असतो.

तिसरा, आपल्या देशात कधीही विसरायचा नाही असा, क्षयरोग. महिनोन्‌महिने एकच गुडघा सुजलेला, मांडी बारीक होत चाललेली, संध्याकाळी बारीक ताप. छातीचा फोटो स्वच्छ असला तरी सांध्याचा क्षयरोग नाकारता येत नाही. एक्स-रेत सांध्याजवळचं हाड विरळ होतं, कडा कुरतडल्यासारख्या दिसतात, आणि मधली जागा बराच काळ टिकून मग हळूहळू कमी होते. एमआरआयमध्ये जाड अस्तर आणि हाडातली सूज दिसते. पण संधिवातातही असंच काहीसं दिसतं, त्यामुळे फोटोवर थांबायचं नाही. अस्तराचा तुकडा काढून तो जंतूंसाठी आणि सीबीनॅट या क्षयाचे जंतू ओळखणाऱ्या तपासणीसाठी पाठवायला हवा. तुकडा काढताना सगळाच फॉर्मेलिनमध्ये टाकला तर जंतू वाढवून बघता येत नाहीत, अर्धा सलाइनमध्ये ठेवायला आधीच सांगा. क्षयरोगाची औषधं सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात.

बाकीचे थोडक्यात. लहान मुलाचा गुडघा वाकवताना बाहेरच्या बाजूला खट् वाजत असेल तर बाहेरची गादी जन्मतः चंद्रकोरीऐवजी चकतीसारखी असू शकते. वाटीच्या वरच्या कप्प्यात झालरीसारखी वाढलेली चरबी एमआरआयमध्ये आपल्या त्वचेखालच्या चरबीच्याच रंगाची दिसते, त्यामुळे निदान सोपं होतं.

शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट औषध प्रत्येकाला लागत नाही. गाठ, जंतुसंसर्ग किंवा अस्तराचा आजार यांच्या शंकेत त्याचा उपयोग होतो. त्याआधी किडनीची क्रिएटिनिन तपासणी करून घ्या.

तपासणीच्या दिवशी: पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर यंत्र, मेंदूतल्या रक्तवाहिनीची क्लिप असेल तर तारीख घेतानाच सांगा. पायात रॉड किंवा प्लेट असेल तर ऑपरेशनचा कागद आणा, बहुतेक वेळा एमआरआय करता येतो. वेल्डिंग किंवा लेथवर काम करणाऱ्याने डोळ्यात कधी कण गेला होता का ते सांगावं. मंगळसूत्र, सेफ्टी पिना, मोबाइल, एटीएम कार्ड बाहेर ठेवा. वर्षानुवर्षं घातलेली जोडवी बोटात रुतलेली असतात, आदल्या रात्री साबण लावून काढून ठेवा आणि निघाली नाहीत तर आल्या आल्या सांगा. गुडघ्यासाठी पाय आधी आत जातात, डोकं बहुधा बाहेर किंवा यंत्राच्या तोंडाशीच राहतं, त्यामुळे बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनाही जमतं. वीस ते तीस मिनिटं लागतात आणि आवाज मोठा असतो. पाय हलला तर चित्र पुसट येतं, म्हणून लघवीला आधीच जाऊन या.

सातवी पायरी: सीटी, बोन स्कॅन

रात्री दुखून साध्या गोळीने थांबणारा तो विशीतला मुलगा आठवा. हे ऑस्टिऑइड ऑस्टिओमाचं लक्षण असू शकतं, हाडातली ज्वारीच्या नाहीतर शेंगदाण्याच्या दाण्याएवढी निरुपद्रवी गाठ. तिच्याभोवती हाडात इतकी सूज असते की एमआरआयमध्ये ती सूजच दिसते आणि "इन्फेक्शन? ट्यूमर?" असा घाबरवणारा रिपोर्ट येतो. बारीक कापांच्या सीटी स्कॅनमध्ये मधला दाणा ठळक दिसतो, आणि पुष्कळदा सीटीच्याच मदतीने सुईने तो जाळता येतो. इथे महागड्या एमआरआयपेक्षा सीटी सरस.

सांध्यात घुसलेलं फ्रॅक्चर नेमकं कसं आहे हे पाहायलाही सीटी. आधी कॅन्सर झालेल्या माणसाला नवं हाडदुखणं सुरू झालं तर पूर्ण सांगाडा बघणारा बोन स्कॅन किंवा पेट-सीटी.

आठवी पायरी: रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्टमधली प्रत्येक ओळ म्हणजे तुमच्या दुखण्याचं कारण नव्हे. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावातल्या ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे गुडघ्याचे एमआरआय करून २००८ मध्ये एक अभ्यास छापला गेला. ज्यांची गादी फाटलेली दिसली, त्यांतल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघ्याचा काहीही त्रास नव्हता. म्हणून साठीच्या माणसाच्या रिपोर्टात "मेनिस्कस टेअर" दिसलं की लगेच दुर्बिणीच्या ऑपरेशनला होकार देऊ नका. पहिल्या पायरीचा कागद काढा. बोट जिथे पडलं होतं, ते आणि रिपोर्टातली जागा जुळते का? रिपोर्ट आतल्या गादीबद्दल बोलतो आणि दुखतं बाहेरच्या बाजूला, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा. रेडिओलॉजिस्टलाही फोन करून विचारता येतं. मला असे फोन येतात आणि त्या वेळी फिल्म पुन्हा उघडून बघितल्यावर कधी कधी आधी नजरेतून सुटलेलं दिसतं.

आणि हाडात गाठ दिसली तर एक गोष्ट फार काटेकोरपणे पाळा. जवळ सोय आहे म्हणून कुठेही सुईने तुकडा काढून घेऊ नका. आधी पूर्ण हाडाचा एमआरआय, आणि मग बायोप्सी त्याच ठिकाणी जिथे पुढे ऑपरेशन होणार आहे. सुई ज्या वाटेने गेली ती वाटही सर्जनला ऑपरेशनमध्ये काढावी लागते. सुई चुकीच्या जागी गेली तर वाचवता आला असता तो पाय धोक्यात येतो. मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये हाडांच्या कॅन्सरवर काम करणारा स्वतंत्र गट आहे. गडचिरोली असो की गोवा, अशी शंका असेल तर फिल्म घेऊन अशा केंद्राशी आधी बोला, मग सुई.

फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवून निदान मागू नका. त्यात आम्हाला ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसतं, हाड दिसत नाही. एमआरआय आणि सीटीची सीडी किंवा लिंक मागून घ्या, तीत सगळी चित्रं असतात, फिल्मवर फक्त निवडक. जुने फोटो फेकू नका. दोन वर्षांपूर्वीच्या एक्स-रेत तीच पोकळी तेवढीच होती, एवढं दिसलं तरी पुष्कळदा बायोप्सी टळते.

त्या चौदा वर्षांच्या मुलाच्या खुब्यात स्क्रू घातला, आता तो लंगडत नाही. या आजारात दुसरा खुबाही घसरू शकतो, म्हणून हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत तो दर काही महिन्यांनी दोन्ही खुब्यांच्या एक्स-रेसाठी येतो. मधे डावा गुडघा दुखला तर त्याच दिवशी यायचं, हे त्याच्या आईला पाठ आहे. पिशवी गेली, आता प्लास्टिकचं फोल्डर असतं, आणि प्रत्येक फिल्मच्या कोपऱ्यावर तिने पेनाने तारीख आणि बाजू लिहिलेली असते.